नमाज, वजू, सलाम आणि पोरांचं वागणं: शाळेत हे कसं जमवायचं, पायरी पायरीने

मुस्लिम मॅनेजमेंटच्या बहुतेक शाळांत नमाजची जागा असते, दीनियातचा (धर्मशिक्षणाचा) तास असतो, असेंब्लीत तिलावत (कुरआनचं पठण) होते, आणि तरी रिसेसमध्ये शिव्या, धक्काबुक्की, परीक्षेत कॉपी, एकमेकांना घाणेरडी टोपणनावं हे सगळं आहे तसंच चालू असतं. मग स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणतंच, एवढी नमाज पढतात पण वागणं बघा यांचं. माझ्या मते यात पोरांपेक्षा आपला दोष जास्त आहे, कारण नमाज एकीकडे चाललीये, वागणं दुसरीकडे, आणि दोघांची गाठ कोणी घालूनच देत नाही. सूरह अनकबूतची ४५वी आयत, नमाज बेशरमी आणि वाईट कामांपासून रोखते, ही सगळ्यांना माहीत असते. पण सूरह माऊनमध्ये ज्यांचा धिक्कार केलाय ते पण नमाजीच आहेत, आपल्या नमाजबद्दल गाफील, लोकांना दाखवायला पढणारे आणि शेजाऱ्याला साधी वापरायची वस्तू न देणारे. म्हणजे नमाज पढली की वागणं आपोआप सुधारतं असं खुद्द कुरआनच म्हणत नाहीये. गाठ घालावी लागते, आणि ती कशी घालायची तेवढंच इथे सांगतोय.

आधी परवानगीचं बघा

शाळा सरकारी असेल, सरकारी पैशावर चालत असेल किंवा तिथे सगळ्या धर्मांची मुलं असतील तर मुलांकडून धार्मिक गोष्टी करून घ्यायच्या की नाही हे तुम्ही ठरवू शकत नाही, तुमच्या देशाचा कायदा काय म्हणतो ते आधी वाचा. शाळा मुस्लिम संस्थेची असली तरी पालकांना लेखी कळवा, काय करणार, किती वेळ, आणि ज्यांना नको असेल त्यांच्या मुलांनी त्या वेळात काय करायचं ते. सूरह बकराच्या २५६व्या आयतीत दीनमध्ये (धर्मात) जबरदस्ती नाही हे स्पष्ट आहे, त्यामुळे गैरमुस्लिम मुलाला सफमध्ये (नमाजच्या रांगेत) उभं करणं तर सोडाच, "तू पण बस जरा दुआला" असा गोड आग्रह पण नको.

दुसरं म्हणजे मसलक, म्हणजे नमाज वगैरेच्या वेगवेगळ्या पद्धती मानणारे पंथ. कोणी हात पोटावर बांधतं, कोणी छातीवर, कोणी सोडून पढतं, कोणी आमीन मोठ्याने म्हणतं, शिया मुलं सजद्यासाठी (कपाळ टेकायला) मातीची टिकिया ठेवतात. पहिल्याच दिवशी स्टाफला सांगून टाका की कोणाचीही नमाज "दुरुस्त" करायची नाही, घरी जसं शिकवलंय तसं पढू द्या. वागणूक सुधारायला निघालात आणि पोरांमध्ये मसलकची भांडणं लावून बसलात तर कठीण आहे.

पायरी १: तीनच गोष्टी निवडा आणि मोजा

"अखलाक (वागणूक) सुधारायचे" हे टार्गेट नाही, यातून काही होत नाही. नेमकं काय बदलायला हवंय ते ठरवा. रिसेसमधली मारामारी, शिव्या, उशिरा येणं, कॉपी, दुसऱ्याची वस्तू न विचारता घेणं, यातल्या कुठल्याही तीन घ्या, जास्त नको. काहीही सुरू करायच्या आधी दोन आठवडे फक्त नोंद करा, रोज किती वेळा झालं एवढंच, मुलांची नावं लिहू नका. ही वही नसेल तर सहा महिन्यांनी प्रिन्सिपल म्हणणार खूप फरक पडला आणि पीटीचे सर म्हणणार काडीचाही फरक नाही, आणि दोघांकडे पुरावा शून्य.

पायरी २: शिक्षक आधी

हे सगळ्यात अवघड आहे आणि बहुतेक ठिकाणी गाडी इथेच अडकते. पोरं सफमध्ये आणि सर मागे भिंतीला टेकून मोबाईलवर, हे चित्र रोज दिसत असेल तर बाकी काही करू नका, उपयोग नाही. हजरत अनस यांनी लहानपणापासून दहा वर्षं नबी (पैगंबर मुहम्मद) सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांची खिदमत केली, आणि ते सांगतात की त्या दहा वर्षांत नबींनी मला कधी "उफ्फ" सुद्धा म्हटलं नाही. बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या (नबींच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदींच्या) दोन्ही संग्रहांत आहे हे. एका दिवसात आपण वर्गात किती वेळा "मूर्ख", "गाढव" म्हणतो ते जरा मोजून बघा.

स्टाफ मीटिंगमध्ये चार गोष्टी ठरवून टाका: ओरडून अपमान नाही, हात उचलायचा नाही, टोपणनाव नाही, आणि शिक्षकाचं चुकलं तर त्याच वर्गासमोर माफी. आता हात उचलण्यावर कोणीतरी ती सात वर्षं-दहा वर्षं वाली हदीस काढणारच, अबू दाऊद या संग्रहातली, त्यात सातव्या वर्षी मुलाला नमाज पढायला सांगण्याचा आणि दहाव्या वर्षी नमाजसाठी मारण्याचा उल्लेख आहे. त्यांना सांगा की ती आईवडिलांना उद्देशून आहे, फुकहांनी (धर्मकायद्याच्या जाणकारांनी) त्यावर इजा नको, चेहऱ्यावर नको अशा अटी घातल्यात, आणि शाळेत मारणं अनेक देशांत सरळ गुन्हा आहे. आणि त्या हदीसचा पहिला अर्धा भाग कोणी नीट बघतच नाही. सात ते दहा म्हणजे तीन वर्षं, रोज पाच नमाज, म्हणजे पाच हजारांहून जास्त वेळा नुसतं प्रेमाने सांगायचं. इतका धीर आपल्यापैकी किती जणांकडे आहे? इब्न खल्दून या इतिहासकाराने चौदाव्या शतकात लिहून ठेवलंय की कडक मारहाणीत शिकलेलं मूल खोटं बोलायला आणि ढोंग करायला शिकतं. सहाशेपेक्षा जास्त वर्षं झाली, आपण अजून तिथेच.

पायरी ३: सलामपासून सुरुवात

सगळ्यात सोपं आणि बिनखर्चाचं. सकाळी शिक्षक वर्गाच्या दारात उभे राहतील आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाला स्वतः आधी सलाम करतील, शक्यतो नाव घेऊन. कायद्याने बघितलं तर लहानाने मोठ्याला सलाम करायचा, हदीस तशीच आहे, पण नबी मुलांच्या जवळून जाताना स्वतः त्यांना सलाम करायचे हे पण हदीसमध्येच आहे, म्हणून शिक्षकाने पुढाकार घेतला तर काही बिघडत नाही. याचा फायदा असा की कोण रडून आलंय, कोण घरून तणतणत आलंय, हे दारातच कळतं आणि पहिल्या तासाला होणारा स्फोट टळतो. गैरमुस्लिम मुलांना त्यांना सोयीचं असेल ते अभिवादन, पण त्यांनाही नावाने आणि तेवढ्याच आपुलकीने.

याच्याच जोडीला परवानगी मागून आत येणं. सूरह नूरच्या २७व्या आयतीत दुसऱ्याच्या घरात परवानगी आणि सलाम केल्याशिवाय शिरू नका असं आहे. तेच वर्गाला, टॉयलेटच्या दाराला, दुसऱ्याच्या दप्तराला आणि मोठ्या मुलांच्या बाबतीत दुसऱ्याच्या फोनला लावा. दप्तरात न विचारता हात घालणं ही शाळेतल्या अर्ध्या भांडणांची सुरुवात असते.

पायरी ४: वजूची रांग

वजूखाना, म्हणजे नमाजच्या आधी हात-तोंड-पाय धुवायची (वजूची) जागा, ही शाळेतली सगळ्यात गोंधळाची जागा. धक्काबुक्की, पाणी उडवणं, ओल्या फरशीवर घसरणं. पण शिस्त शिकवायला हीच जागा बेस्ट आहे, कारण इथे शिस्तीचा अर्थ पोरांना लगेच कळतो.

एका वेळी नळ जितके तितकीच मुलं आत, बाकीची बाहेर रांगेत. पहिल्या आठवड्यात एक शिक्षक तिथेच उभे राहून स्वतः वजू करून दाखवतील. पाण्याचं एक छान आहे, नबी एक मुद पाण्यात वजू करायचे अशी सही (खात्रीची) हदीस आहे आणि मुद म्हणजे साधारण दोन हातांची भरलेली ओंजळ. तर एकदा मुलांना मगभर पाणी द्या आणि सांगा की याच्यात वजू पुरा करून दाखव. मोठ्या मुलांची तर शर्यतच लागते, किती पाणी उरलं याची. नळ पूर्ण सोडून गप्पा मारणारा मुलगा लेक्चरने सुधारत नाही, या मगने बऱ्यापैकी सुधारतो. शेवटी फरशी पुसायची पाळी प्रत्येक वर्गाची, आठवड्याने बदलत, आणि त्या आठवड्यात वर्गशिक्षकाच्या हातात पण वायपर हवा.

पायरी ५: जोहरची जमात

शाळेच्या वेळात बहुतेक ठिकाणी जोहरच (दुपारची नमाज) येते. काही शाळा सकाळी चाश्तची नमाज ठेवतात, ती पण चांगली, पण ती नफल (ऐच्छिक) आहे, तिची सक्ती नको.

लांबवू नका. हजरत मुआज बिन जबल यांनी जमातीत (सगळ्यांनी मिळून पढायच्या नमाजेत) मोठी सूरह लावली आणि एका माणसाने तक्रार केली तेव्हा नबी मुआज यांच्यावरच नाराज झाले होते, लोकांना फितन्यात (संकटात) टाकतोस का म्हणून. मोठ्यांच्या बाबतीत हे, मग आठवीच्या भुकेल्या पोरांना डबा खायच्या आधी लांबलचक जमात आणि वर वीस मिनिटांचं बयान (प्रवचन) कशाला? डबा आधी, नमाज नंतर, बयान असेल तर दोन मिनिटं.

सफ लावायचं काम मुलांकडे द्या, दर आठवड्याला वेगळी टीम. अजान, इकामत (जमात सुरू होतानाची हाक), चटया टाकणं, चपला ओळीत लावणं, सगळी पदं फिरती ठेवा, आणि मुद्दाम ही जबाबदारी त्या मुलांना आधी द्या ज्यांची सगळ्यात जास्त तक्रार येते. नेहमीच्या हुशार, गोड आवाजाच्या मुलालाच अजान द्यायची सवय मोडा. खांद्याला खांदा लावून उभं राहणं हे वर्गात न बोलणाऱ्या दोन ग्रुपसाठी पण कामाचं आहे, फक्त एक काळजी घ्या, ज्याला त्रास दिला जातोय त्या मुलाला त्रास देणाऱ्याच्या शेजारी जबरदस्तीने उभं करू नका, तिथे तो नमाज पढत नाही, नुसता घाबरून उभा राहतो. मुलाने इमामत करावी (पुढे उभं राहून नमाज पढवावी) का यावर फिकहमध्ये (धर्मकायद्यात) मतभेद आहेत, अम्र बिन सलमा सहा-सात वर्षांचे असताना त्यांनी आपल्या कबिल्याची इमामत केली हे बुखारीत आहे, पण हनफी मसलकात फर्ज (बंधनकारक) नमाजसाठी इमाम बालिग (वयात आलेला) हवा. तुमच्या इथल्या आलिमना (धर्मपंडितांना) विचारून ठरवा.

मुलींचं वेगळं सांगायलाच हवं. पाळीच्या दिवसांत नमाज नाही, आणि किती तरी शाळांत "तू का नाही आलीस" असं सगळ्यांसमोर विचारलं जातं, रजिस्टर घेऊन. हे ताबडतोब बंद करा. नमाजच्या वेळी वाचनाची एक जागा उघडी ठेवा जिथे कुठलीही मुलगी कारण न सांगता बसू शकेल. कोणी त्याचा गैरफायदा घेईल का, घेईल, घेऊ द्या. एका मुलीची लाज राखणं हे त्याच्यापेक्षा मोठं काम आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नमाज कधीच शिक्षा म्हणून वापरायची नाही. "उशिरा आलास, चल चार रकात जास्त पढ", "शिवी दिलीस, शंभर वेळा इस्तिगफार (अल्लाहची माफी मागणारे शब्द) लिही" हे ऐकायला धार्मिक वाटतं पण मुलाच्या डोक्यात नमाज आणि शिक्षा एकच होऊन बसतात, आणि शाळा सुटली की दोन्ही सुटतात. तसंच मार्क नाहीत, भिंतीवर स्टारचा तक्ता नाही, "बेस्ट नमाजी" ट्रॉफी नाही. लोकांना दाखवायला पढणं म्हणजे रिया, सूरह माऊनमध्ये ज्याचा धिक्कार आहे नेमकं तेच, आणि आपण त्यालाच बक्षीस देणार?

पायरी ६: रागाचा ड्रिल

आगीच्या ड्रिलसारखा रागाचा ड्रिल पण करून घ्या, शांत असताना, म्हणजे वेळेवर आठवतो. हदीसमध्ये क्रम तयारच आहे: अऊजुबिल्लाह (अल्लाहचा आसरा मागतो) म्हणा, गप्प बसा, उभे असाल तर बसा, तरी राग गेला नाही तर आडवे व्हा. वजू करण्याची पण हदीस आहे, तिची सनद (सांगणाऱ्यांची साखळी) काही मुहद्दिस (हदीसचे अभ्यासक) कमजोर मानतात, पण तोंडावर पाणी मारून यायला कोणाची हरकत नसावी. वर्गात दोन-दोनच्या जोड्या करून नाटक करा, एक चिडवेल, दुसरा क्रम पाळेल. पहिल्यांदा हसतील, हसू द्या. आणि "खरा पैलवान तो नाही जो दुसऱ्याला पाडतो, तो आहे जो रागाच्या वेळी स्वतःला आवरतो" ही हदीस मोठ्या मुलांना खरंच लागू पडते, कारण त्यांना पैलवानच व्हायचं असतं.

वर्गातून उठून पाणी मारून यायची खूण ठरवा, नुसता हात छातीवर ठेवला की शिक्षक मान हलवतील, प्रश्न नाही. पाच मिनिटांत परत.

पायरी ७: भांडण झाल्यावर तौबाच्या चार अटी

मला विचाराल तर अख्ख्या लेखात हीच पायरी सगळ्यात कामाची आहे. तौबा (चुकीबद्दल माफी मागून ती सोडणं) कबूल होण्यासाठी उलमा (आलिम मंडळी) ज्या अटी सांगतात त्या अशा: ते काम थांबवणं, मनातून पस्तावणं, परत न करण्याचा इरादा, आणि दुसऱ्या माणसाचा हक्क मारला असेल तर तो परत करणं. शाळेत आपण काय करतो, "सॉरी बोल, हात मिळव, जा." चौथी अट पूर्ण गायब.

समजा एकाने दुसऱ्याचा कंपास बॉक्स तोडला आणि कबूल करत नाहीये. दोघांना वेगवेगळं घ्या, एकाच वेळी समोरासमोर नको, बाकी मुलांसमोर तर अजिबातच नको. बोलणं साधारण असं जातं:

"काय झालं?"
"सर, त्याने आधी मला..."
"त्याचं त्याला विचारतो. तू तुझं सांग."
(बराच वेळ गप्प. गप्प बसू द्या, घाई करू नका.)
"लागला हात. पडला."
"लागला का मारला?"
"...मारला."
"बरं झालं खरं बोललास. आता तुझ्या हातात काय आहे त्यात?"
"सॉरी बोलतो."
"ते बोलच. पण त्याच्याकडे उद्या भूमितीला कंपास नाहीये. त्याचं काय?"

आणि मग त्याने स्वतः मार्ग काढायचा, आपण सुचवायचा नाही, निदान दोन मिनिटं तरी. माझा वापर म्हणेल, घरी सांगून नवीन आणतो म्हणेल, चिकटवून देतो म्हणेल. नंतर दुसऱ्याला विचारा की हे चालेल का, आणि त्याला नाही म्हणायचा पण हक्क आहे. माफ करणं मोठं आहे हे सांगा, पण माफी वसूल करू नका. आणि तीन दिवसांच्या वर अबोला नको ही हदीस मग हळूच सांगायला छान जागा मिळते, तिसऱ्या दिवशी दोघांना सहज विचारा, काय, बोलताय का?

गजाली या जुन्या इस्लामी विद्वानांनी मुलांच्या तरबियतबद्दल (संगोपनाबद्दल) सांगितलंय की मुलाने एखादी चूक लपवून पहिल्यांदाच केली असेल तर बघून न बघितल्यासारखं करावं, त्याचा पडदा फाडू नये, परत केली तर एकांतात समजवावं. म्हणून असेंब्लीत नाव घेऊन झापणं पूर्ण बंद. मात्र एक लक्ष्मणरेषा आहे: मारहाणीत इजा, लैंगिक त्रास, ड्रग्ज, स्वतःला इजा करणं, यात पडदा ठेवायचा नसतो, तिथे शाळेचा आणि कायद्याचा जो नियम आहे तोच, लगेच. तौबाच्या नावाखाली असली प्रकरणं मिटवायची नाहीत.

पायरी ८: एका वेळी एकच आयत

सूरह हुजुरात म्हणजे वर्गाच्या नियमांचा तयार तक्ताच आहे. अकराव्या आयतीत खिल्ली उडवू नका, टोमणे मारू नका, वाईट नावांनी हाक मारू नका. बाराव्यात संशय, दुसऱ्याच्या भानगडी शोधणं, पाठीमागे बोलणं. सहाव्यात बातमी आली की आधी पडताळून घ्या, हे मोठ्या मुलांच्या फॉरवर्ड आणि स्क्रीनशॉटसाठी उतरल्यासारखंच वाटतं. महिनाभर एकच विषय ठेवा. टोपणनावांच्या महिन्यात प्रत्येकाने कागदावर लिहायचं की मला कुठलं नाव आवडत नाही, नावाशिवाय टोपीत टाकायचं, आणि शिक्षकाने फक्त ते शब्द वाचायचे. ज्या नावांवर अख्खा वर्ग रोज हसतो ती त्या यादीत निघाली की वर्ग एकदम चिडीचूप होतो. कॉपीसाठी सूरह मुतफ्फिफीन घ्या, मापात मारणाऱ्यांवर आहे, पोरं कनेक्शन स्वतःच लावतात.

मुहासबा आणि रमजान, थोडक्यात

मुहासबा म्हणजे स्वतःचा हिशेब. शेवटच्या तासाची तीन मिनिटं, एक छोटी वही, आज मी कोणाला दुखावलं, कोणाला मदत केली, उद्या काय, बस. शिक्षकाने ही वही वाचायची नाही, गोळा पण करायची नाही. वाचणार हे कळलं की सगळे फरिश्ते होतात.

रमजानमध्ये दुपारनंतर भांडणं वाढतात, झोप कमी, पाणी नाही. अवघड विषय आणि परीक्षा सकाळी, पीटी हलकी, आणि "मी रोज्याने आहे" हे वाक्य भांडण टाळायला वापरायचं, हदीसच आहे तशी. लहान मुलांवर रोजा फर्ज नाही, कोणी सोडला तर चिडवणाऱ्याला पायरी ८ परत शिकवा. आणि जो खोटं बोलणं सोडत नाही त्याच्या उपाशी राहण्याची अल्लाहला गरज नाही ही बुखारीची हदीस स्टाफरूममध्ये पण लावा.

मग मोजणी

आठ-दहा आठवड्यांनी परत तीच दोन आठवड्यांची नोंद, त्याच तीन गोष्टी, शक्यतो तीच माणसं. आकडा हलला नसेल तर नवीन वजीफा (जपायची दुआ) शोधत बसू नका, आधी बघा शिक्षक सफमध्ये उभे राहतात का, झापणं खरंच बंद झालंय का. बहुतेक वेळा तिथेच सापडतं. एखाद-दोन मुलांच्या बाबतीत काहीच लागू पडत नसेल तर त्याला इमान कमजोर आहे वगैरे म्हणू नका, डोळे तपासा, कान तपासा, घरात काय चाललंय ते विचारा, झोप होते का, कोणी मारतं का, आणि काउन्सेलरकडे पाठवा. पालकांना बोलवाल तेव्हा पहिलं वाक्य त्या मुलाच्या एखाद्या चांगल्या कामाचं असू द्या, चपला ओळीत लावल्या, मगमध्ये पाणी उरवलं, काहीही चालेल, पण खरं हवं, आणि तक्रार त्याच्यानंतर.